बारा मुठी मीठ

३ मार्च

बाईसाहेब,

फोन करायचा नाही असं मी ठरवलंय, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "आई, तसं नाही गं," म्हणतेस आणि मग नेमकं तसंच असतं. कागद मधेच तोंड घालत नाही, एवढी त्याची एक सोय आहे.

तर तुझ्या कर्तृत्वाचं फळ कळवते. तू आमच्या काच कारखान्यात आलीस, माझ्या कॅन्टीनमध्ये पडदा लावलास आणि तीनशे माणसांसमोर सांगितलंस की चारशे कामगारांच्या दहा वर्षांच्या तपासण्या बघितल्या, तर इथे रोज जेवणाऱ्यांत रक्तदाबाचे रोगी घरून डबा आणणाऱ्यांच्या दीडपट निघतात. इथवर मी ऐकून घेतलं. आकडे तुझे, धंदा तुझा. मग कुणीतरी विचारलं, मीठ ठरवतं कोण? त्यावर तू म्हणालीस, "स्वयंपाकी जिभेवर ठरवतो. आणि तीस वर्षं खारट चाखलेल्या जिभेला खारट कळायचं बंद होतं."

तीनशे माना माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात डाव होता. तो मी पातेल्यात टाकला आणि मागच्या दाराने निघून गेले. तू हाक मारलीस ती मला ऐकू आली होती. मुद्दामच थांबले नाही.

एखाद्या शिंप्याला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर आंधळा म्हणून बघ, म्हणजे कळेल तू काय केलंस ते. स्वयंपाकिणीच्या पोटी जन्मून तुला हे समजत नसेल तर तुझ्या दोन्ही पदव्या वाया गेल्या.

काल कारखान्याच्या समितीची चिठ्ठी आली. तीन महिन्यांत जेवणातलं मीठ अर्ध्यावर आणायचं. तीन जूनला प्रयोगशाळेचा माणूस येऊन पातेल्यातला नमुना घेऊन जाणार. मीठ उतरलं नसेल तर स्वयंपाकघर ठेकेदाराकडे. म्हणजे गोठवलेली पाकिटं, ती गरम करायचं यंत्र, आणि माझ्या हातातला डाव गेला. कानामागून आली आणि तिखट झाली ती माझीच लेक निघावी, याचं वाईट वाटतं.

भट्टीसमोर माणूस घामाने निथळतो. अंगातून गेलेलं मीठ परत घालावं लागतं, हे तुझ्या पुस्तकात नसेल. माझ्या आधीच्या आचाऱ्याने मला शिकवलं, मोठ्या पातेल्याला बारा मुठी. तीस वर्षं मी बारा मुठी टाकतेय. एक ताट परत आलं नाही. आणि माझंच घे. दिवसभरात दोन पाव आणि वाटीभर भात, यापलीकडे मी काही खात नाही. दरवर्षीच्या तपासणीच्या फॉर्मवर तेच लिहिते. साठीला टेकले, ठणठणीत आहे.

हो, तुझ्या घरी आले होते तेव्हा जावयासमोर तुझ्या भाजीवर मी मीठ पेरलं होतं. भाजी अळणी होती. तू ताटावरून उठलीस आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललीस. त्याची फेड तू पडद्यावर केलीस, असं मी समजते.

मीठ कमी करणार नाही. काय करायचं ते कर.

कारखान्याची स्वयंपाकीण


२२ मार्च

बाईसाहेब,

आज हसून हसून पोट दुखलं, म्हणून लिहायला बसले.

सकाळी मॅनेजरने कॅन्टीनच्या दारात हा एवढा मोठा बोर्ड लावला. 'आजपासून जेवणात मीठ कमी.' मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मी म्हटलं, लाव बाबा. आणि रोजच्यासारख्या बारा मुठी टाकल्या. कण इकडचा तिकडे केला नाही. साक्षीला कांदेबाई आहे, आमच्याकडे कांदे चिरते ती. तिच्या डोळ्यांत पाणी असतं, पण नजर पक्की आहे.

एक वाजता माणसं आली. फिटर पहिला. त्याच्या आवाजामुळे त्याला आम्ही भोंगा म्हणतो. त्याने बोर्ड वाचला, रश्शात पाव बुडवला, पहिला घास तोंडात घातला आणि ताट पुढे ढकललं. मावशी, हे आजाऱ्याचं जेवण आम्हाला कशाला, म्हणून सगळा हॉल डोक्यावर घेतला. त्याचं ऐकून शेजारच्याला अळणी लागलं, त्याच्या शेजारच्यालाही. दोन वाजेपर्यंत टेबलांवरच्या मिठाच्या सगळ्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. म्हणजे तुझ्या कृपेने आज कारखान्याने रोजच्यापेक्षा जास्त मीठ खाल्लं.

आता बोल, जीभ कुणाची गेली? मेले सगळे डोळ्यांनी जेवतात आणि नाव माझ्या जिभेचं.

मॅनेजरला मी काही सांगितलं नाही. त्याला वाटतंय मी आज्ञाधारक आहे.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जाता जाता मला धरून बसवलं आणि रक्तदाब मोजला. त्या मशीनचा पट्टा फाटलाय, त्यामुळे आकडा लिहीत नाही.

स्वयंपाकीण


९ एप्रिल

मुली,

तुझं पत्र मिळालं. तू माफी मागितली असशील म्हणून पाकीट उघडायच्या आधी चहा करून घेतला, सावकाश वाचावं म्हणून. चहा अजून गरम होता आणि पत्र संपलं. चार ओळी. "तीनशे लोकांसमोर बोलले, ते चुकलं. जे बोलले, ते चुकलं नाही. एक दिवस एवढंच कर: जेवढं चाखशील, तेवढंच दुसऱ्या चमच्याने एका वाटीत टाकत जा. मग मला लिही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कुणाची लेक आहेस ते दिसलं.

तुला खोटं पाडायचं म्हणून सोमवारी केलं. कांदेबाईला वाटीवर बसवलं. सकाळी सहाला न्याहारीच्या रश्शापासून सुरुवात. मीठ घालायच्या आधी एकदा, घातल्यावर एकदा, उकळी आल्यावर एकदा, उतरवताना एकदा. मग डाळ. मग भाजी, दोन पातेल्यांतली वेगवेगळी. भाताचं एक शीत बघून भागतं, पण मी चार चमचे खाते, हे मला सोमवारी कळलं. दहा वाजता कांदेबाई म्हणाली, वाटी भरली. मी म्हटलं, लहान घेतली असशील. तिने मोठी घेतली. दुपारी तीही भरली. शेवटी पातेलीच काढली.

संध्याकाळची पाळी जेवून गेल्यावर आम्ही दोघींनी ते सगळं डावाने मोजलं. तीन माणसांचं जेवण, वर थोडं. आणि हे माझ्या दोन पाव आणि वाटीभर भाताच्या वेगळं.

मी खोटं लिहीत नव्हते, एवढं तू समजून घे. आमच्या धंद्यात चाखणं म्हणजे खाणं नव्हे. चाखताना माणूस जेवत नसतो, काम करत असतो. गवंडी अंगावर उडालेलं सिमेंट मोजत नाही. तीस वर्षं दरवर्षी मी तो फॉर्म प्रामाणिकपणे भरला आणि दरवर्षी खोटा भरला. आणि हातावर पट्टा बांधायची वेळ आली की माझं दूध उतू जायचं आणि मी पळायचे, हे तुला ठाऊक असेलच.

पट्टा फाटलेला नव्हता. वरचा एकशे बहात्तर, खालचा एकशे चार. दुसऱ्या मशीनवर एकशे शहात्तर. गोळी सुरू झालीय. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, काही नाही. नर्सबाई म्हणतात हा आजार असाच, वीस वर्षं घरात राहतो आणि दार वाजवत नाही.

हे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं नाही. वाटी भरली, म्हणून लिहिलं. भट्टीवाल्यांचा घाम अजून तसाच आहे, आणि त्यांचं मीठ मी तोडणार नाही.

आई


२६ एप्रिल

भिंगरे,

हे नाव बऱ्याच वर्षांनी लिहिलं. लहान होतीस तेव्हा माझ्या पातेल्यांमधून गरगर फिरायचीस आणि तुझे बाबा म्हणायचे, हिला भाजेल एक दिवस. तुला कधी भाजलं नाही.

त्या घामाचा पुरावा तुला द्यावा म्हणून मी परवा भट्टीवर गेले. नऊ वर्षांत तिकडे पाऊल टाकलं नव्हतं, का ते तुला माहीत आहे. तीनशे पावलांवर आहे, पण जेवण पाठवते मी, जात नाही.

तिथे घाम नाही. भट्टी आहे, पण तिच्यापुढे माणूस नाही. लोखंडी हात येतात, काच उचलतात, साच्यात घालतात. माणसं वरच्या काचेच्या खोलीत खुर्च्यांवर बसलेली. गार हवा सोडलेली. एकाने स्वेटर घातला होता. मी दारात उभी राहिले तर म्हणाला, मावशी, आत या, दार लावा, गारवा बाहेर जातो.

मला सांग, मी बारा मुठी कुणासाठी टाकत होते?

तुझे बाबा बावीस वर्षं नळीने काच फुंकत होते. शर्ट पिळला की पाणी गळायचं. शेवटची सहा वर्षं त्यांना त्या खोलीत बसवलं, बटणांपुढे; तेव्हा बाकीचे अजून नळीवरच होते. मी त्यांचा डबा कॅन्टीनमधूनच भरायचे, ते तुला आठवत असेल. एकदा ते म्हणाले, "आज मीठ जरा पुढे आहे." मी म्हटलं, भट्टीवाल्याला चालतं. ते म्हणाले, "मी आता भट्टीवर कुठे असतो?"

मला वाटलं, काम गेल्याचं मनाला लावून घेतलंय. दुसऱ्या दिवशी मी डब्यात लोणच्याची फोड जास्त घातली. बरं वाटावं म्हणून. मग रोजच घालत गेले.

तुझ्या पडद्यावर त्या दिवशी ठिपके होते. एक ठिपका एक माणूस, असं तू म्हणालीस. काही लाल होते, जे गेले त्यांचे. तू बोलत होतीस आणि मी त्यांतला कुठला आपला, ते शोधत होते. तू जिभेचं बोललीस म्हणून मी उठले, असं सगळ्यांना वाटतं. मी ठिपक्यामुळे उठले.

डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतली शीर फुटली. रक्तदाब होता, त्यांनी कधी मोजू दिला नव्हता. तू तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस आणि शिक्षणाला निघून गेलीस. नऊ वर्षं मी त्या न बघण्याचा अर्थ लावतेय. आता सरळ विचारते. मी मारलं का त्यांना? हो किंवा नाही, एवढंच लिही. आलेख नको.

आई


१८ मे

भिंगरे,

तू हो लिहिलं नाहीस. नाही पण लिहिलं नाहीस. मी पत्र चुलीत घालणार होते, पण आमच्याकडे गॅस आहे आणि कांदेबाईने ते हातातून काढून घेतलं.

दोन दिवसांनी परत वाचलं. त्यांची विडी होती, ती तू लिहिलीस. त्यांचे वडील तसेच गेले, तेही. सहा वर्षांचं बसणं. आणि मीठही. शेवटी तू लिहिलंस, "एका माणसाचं कुणालाच सांगता येत नाही, आई. चारशेंचं सांगता येतं. मी चारशेंचं शिकायला गेले ते एकाचं सांगता येत नव्हतं म्हणून." आणि तेव्हा माझ्याकडे का बघितलं नाहीस, तेही लिहिलंस. बघितलं असतंस तर रडली असतीस, आणि मला सावरायला कुणी उरलं नसतं. बरं. हे नऊ वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर दोघींचे जीव थोडे कमी जळले असते. पण तू घुमी, मी फटकळ. चालायचंच.

मला राग आला तो शेवटच्या ओळीचा. तुझा स्वतःचा वरचा आकडा एकशे चाळीस, आणि वय चौतीस. तूही माझ्याच पातेल्यात वाढलीस ना. त्या दिवशीची भाजी अळणी नव्हती, औषधासारखी मोजून केलेली होती. आणि मी जावयासमोर तुझ्या ताटावर मीठ पेरत होते. सांगायला काय झालं होतं तुला? तोंड उघडून "आई, मला हे चालत नाही" एवढं म्हणायला पदवी लागते का?

असो. आता माझं ऐक, आणि हे समितीला सांगितलंस तर याद राख.

ती वाटी भरली त्याच्या पुढच्या आठवड्यापासून मी दर सोमवारी एक मूठ काढतेय. तुला 'मीठ तोडणार नाही' असं लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली काढली होती. तुझ्या आईचं तोंड आणि हात वेगवेगळे चालतात, हे तू विसरलीस. पहिल्या दोन मुठी चारशेंसाठी काढल्या. भट्टीवरून परत आल्यावरच्या सगळ्या एकासाठी. आज पातेल्यात सहा मुठी पडतात. कांदा आधीपेक्षा दुप्पट वेळ परतते, पार तपकिरी होईपर्यंत. लिंबू शेवटी. मीठ आधी घालायचे, ते आता उतरवताना घालते, म्हणजे थोडं असलं तरी जिभेला आधी भेटतं. चाखते दोनदाच.

मात्र पहिल्यांदा तो बोर्ड काढायला लावला. मॅनेजरला म्हटलं, बोर्ड राहील नाहीतर मी. तो म्हणाला, लोकांना जागरूक करायला नको का? मी म्हटलं, लोकांना जेवायचं असतं. बोर्ड गेला. त्यानंतर पंधरवड्याने भोंगा आला, रस्सा दोनदा घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "मावशी, मीठ पहिल्यासारखं केलंत, झकास झालं." त्या दिवशी नऊ मुठी होत्या. मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं रे बाबा.

आणखी एक. गुरुवारी नेहमीच्या दुकानातला पाव तोंडात घातला आणि थुंकला. खारट. दुकानदाराशी भांडायला गेले. तो म्हणाला, बाई, वीस वर्षं हाच पाव नेताय. मी तिथेच पायरीवर बसून आणखी एक तुकडा खाल्ला. खारट होता, आणि त्याच्यामागे गहूही लागत होता. गव्हाला चव असते, हे मी विसरले होते.

म्हणजे तू म्हणालीस ते खरं होतं, असा याचा अर्थ काढू नकोस. जीभ गेली नव्हती. झोपली होती.

आई


१४ जून

भिंगरे,

तीन तारखेला प्रयोगशाळेचा माणूस बाटली घेऊन आला आणि माझ्या पातेल्यातला रस्सा घेऊन गेला. काल उत्तर आलं. अर्ध्याच्याही खाली. डाव माझ्याकडेच राहिला.

समितीने बोलावलं. मॅनेजर हार आणायचाच बाकी होता. म्हणाला, आता दारात मोठा बोर्ड लावू, 'आरोग्यदायी स्वयंपाकघर', आणि मावशी, तुमचा फोटो. मी म्हटलं, बोर्ड लावलात तर उद्या सकाळी बारा मुठी. आणि हेही सांगितलं की तुमच्या धाकाने मी एक कणही कमी केला नाही. तीस वर्षं मी या माणसांना जेवू घातलंय, त्यांची काळजी मला तुमच्या चिठ्ठीने शिकवायची नाही. एक गोष्ट मात्र कबूल केली. या माणसांचं काम बदलल्यावर मी जेवण बदलायला हवं होतं, ते केलं नाही. ते कुणी मला सांगितलं नाही, पण मीही कधी तीनशे पावलं चालून बघायला गेले नाही. मी उठून रश्शाकडे आले.

या तीन महिन्यांनी कुणाचं काय टळलं, ते मला कधी दिसणार नाही. दहा वर्षांनी तू पुन्हा पडदा लावशील, तेव्हा लाल ठिपके थोडे कमी असतील, आणि जो लाल झाला नाही त्याला ठाऊकही नसेल. भोंगा तेव्हाही ओरडतच असेल. ओरडू दे. माझा वरचा आकडा एकशे सेहेचाळीस आहे. गोळी घेते. फॉर्मवर या वर्षी सगळं खरं लिहिलं, चमच्यांसकट. मागे जास्तीचा कागद जोडावा लागला.

कामगारांच्या तपासणीला तुमची गाडी येते, तिचा ड्रायव्हर काल तुझा डबा देऊन गेला. चिठ्ठी नव्हती. उघडला तर तीच भाजी, त्या दिवशीची. कांदेबाई समोर बसली, आणि सवयीने मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली. मी ती परत सरकवली. पहिला घास घेतला, मग दुसरा, मग डबा रिकामा होईपर्यंत थांबले नाही. तुझ्या बाबांना आवडली असती. हे मी मोठ्याने म्हटलं, आणि मग मला रडू आलं. कांदेबाईने ते कांद्यावर ढकललं. बाई चांगली आहे.

पण आता पत्रात खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते. भाजी उत्तम, हात माझाच आहे तुझा. मीठ जास्त झालंय. एकशे चाळीसवाल्या बाईला एवढं मीठ शोभत नाही. तू म्हणशील, मोजून घातलं होतं. मग मोजायचा चमचा बदल.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. जावयाला सांग, टेबलावरची बाटली उचलून ठेव. भाजी तू कर, शेजारी मी माझी करते. डाव माझा मी आणतेय. दोघी एकमेकींचं चाखू, आणि जीभ कुणाची गेलीय ते तिथेच ठरवू.

आई